न संपणारा गज

व्हायोलिन किंवा सारंगी वाजवणाऱ्याचा गज कितीही लांब असला तरी तो कुठेतरी संपतोच. टोक आलं की हात उलट दिशेने वळवावा लागतो, आणि ते वळण ऐकणाऱ्याच्या कानाला लागू नये म्हणून वादक वर्षानुवर्षं घासतो. युरोपात बाराव्या शतकापर्यंत कुणीतरी या अडचणीवर वेगळाच तोडगा काढला होता. केसांच्या गजाऐवजी एक लाकडी चाक घ्यायचं, त्याच्या कडेला राळ चोळायची आणि दांड्याने फिरवत ते तारांना घासत ठेवायचं. चाकाला टोक नाही, त्यामुळे सूर एकदा लागला की हात दुखेपर्यंत चालूच. या वाद्याला इंग्रजीत हर्डी-गर्डी म्हणतात. फ्रान्समध्ये ते व्हिएल, स्पेनच्या गॅलिसियात सांफोना, हंगेरीत टेकेरो, युक्रेनमध्ये लिरा.

तोडगा नामी होता, पण त्यातून नवीच पंचाईत उभी राहिली. गज वळताना सुरात जी बारीकशी फट पडते, तीच तर एका स्वराला पुढच्या स्वरापासून वेगळं काढते. इथे वळण नाही, म्हणून फटही नाही. माझ्या मते हर्डी-गर्डीचं सगळं वादन आणि तिच्यासाठी झालेली सगळी रचना या एकाच प्रश्नाभोवती फिरते: जो आवाज आपणहून थांबत नाही त्यात खाचा पाडायच्या कशा, आणि कुठे?

आधी यंत्रणा पाहू. वाद्य मांडीवर आडवं घेऊन पट्ट्याने अंगाशी घट्ट बांधतात, कारण दांडा फिरवताना ते हललं तर सूर हलतो. उजवा हात दांड्यावर, डाव्या हाताची बोटं पट्ट्यांवर. पेटीच्या पट्ट्या वरून दाबायच्या असतात, या खालून वर ढकलायच्या. बोट काढलं की पट्टी स्वतःच्या वजनानेच परत खाली पडते, स्प्रिंगची भानगड नाही. प्रत्येक पट्टीवर लाकडाचं एक छोटं उभं पातं बसवलेलं असतं. पट्टी आत गेली की पातं तारेला बाजूने टेकतं, वाजणारी तार तेवढी आखूड होते आणि स्वर चढतो. अशा पट्ट्यांतून साधारण दोन सप्तकं मिळतात. पट्ट्यांखालच्या तारा सुरावटीच्या. त्यांच्या दोन्ही बाजूंना ज्या जाड तारा असतात त्यांना पट्ट्या शिवतही नाहीत. त्या चाकावर टेकून एकच आधारसूर धरून असतात, बहुधा षड्ज आणि पंचम. तंबोऱ्याला सरावलेल्या आपल्या कानांना हा भाग ओळखीचा वाटेल. फरक एवढाच की इथे गायक, साथीदार आणि तंबोरा तिन्ही एकाच पेटाऱ्यात कोंबलेले आहेत आणि एकाच दांड्यावर चालतात.

या वाद्याची देखभाल हे स्वतंत्र प्रकरण आहे. चाकाला जिथे तार टेकते तिथे तारेवर कापसाचा पातळ थर गुंडाळावा लागतो. लांब धाग्याचा स्वच्छ कापूस घ्यायचा, चार तंतू ओढून चाक हळूच फिरवत ते तारेभोवती बसवायचे. कापूस कमी पडला तर तार किंचाळते, जास्त झाला तर आवाज घुसमटतो. राळेचंही तसंच. तार चाकावर किती दाबून बसते यावर सगळा रंग अवलंबून, आणि तो दाब जुळवायला घोडीच्या खाचेत कागदाचा कपटा सरकवतात. आठशे वर्षांची परंपरा शेवटी कागदाच्या कपट्यावर तोललेली असते. चाक जराही वाकडं फिरत असेल तर प्रत्येक फेऱ्यात सूर फुगतो आणि ओसरतो, त्यावर कपट्याचाही इलाज चालत नाही. हवेतल्या ओलाव्याने लाकूड फुगलं की हाच छळ पुन्हा सुरू.

आता खाचांच्या प्रश्नाकडे. गज हातात असतो तेव्हा वादक तारेवरचा दाब क्षणाक्षणाला बदलू शकतो: हलका, जड, उचललेला. हर्डी-गर्डीत हा दाब आधीच ठरून गेलेला असतो. चाक जोरात फिरवलं तर आवाज थोडा वाढतो, पण मर्यादेपलीकडे तो फाटतो, आणि फार हळू फिरवलं तर गुरगुरतो. म्हणजे लहान-मोठ्या आवाजातून भाव दाखवायचा नेहमीचा रस्ता जवळजवळ बंद. हा रस्ता बंद झाल्यावर युरोपातल्या कारागिरांनी जी वाट काढली, ती या वाद्याची सगळ्यात हुशार गोष्ट आहे.

आधारतारांपैकी एकीला फ्रेंचमध्ये त्राँपेत म्हणतात. तिच्याखालची घोडी पक्की चिकटवलेली नसते. छोट्या बुटासारख्या आकाराच्या या घोडीची टाच तारेच्या दाबाखाली खाचेत बसलेली, आणि चवडा मोकळा, लाकडी पाटावर नुसता टेकलेला. चाक एका गतीने फिरत असेल तोवर ती गप्प असते. मनगटाने मध्येच झटका दिला, चाकाचा वेग क्षणभर वाढला, की तार थरारते आणि तो मोकळा चवडा पाटावर थडथड आपटतो. त्यातून एक खरखरीत, भुंकल्यासारखा आवाज येतो. फ्रेंच वादक या घोडीला कुत्राच म्हणतात. झटका संपला की कुत्रा गप्प. तो किती पटकन भुंकेल हे एका बारीक दोरीने आणि खुंटीने जुळवता येतं.

आपल्याकडे मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची घोडी कानस लावून घासतो आणि जवारी काढतो, तेव्हा तोही तार आणि घोडी यांच्या निसटत्या स्पर्शातून आवाज भरदार करत असतो. दोन्ही ठिकाणी तारेला थोडं ‘बिघडवून’ तिच्यातून जास्त काढलं आहे. पण जवारी एकदा लागली की अखंड बोलत राहते, आणि हा कुत्रा हुकमाने भुंकतो. म्हणून जवारीतून स्वराला रंग येतो, तर कुत्र्यातून ताल निघतो.

हा ताल उजव्या मनगटाने बांधला जातो. चाकाच्या एका फेऱ्यात दोन, तीन, चार किंवा सहा झटके द्यायचे आणि त्यांची जागा वर्तुळात ठरवून घ्यायची. चारांचा फेरा असेल तर तळहात, बोटं, अंगठा यांनी आळीपाळीने ढकलत-ओढत दांडा चार जागी उसळवायचा. शिकणाऱ्याला सुरुवातीला डावा हात लागतच नाही, कारण नुसतं चाक समान गतीने फिरवता येण्यातच बराच काळ जातो. मग एकाचा झटका, मग दोनांचा. तबला शिकणारा बोल पक्के करतो तशीच ही मेहनत आहे, फक्त इथे दहा बोटांचं काम एका मनगटाला करावं लागतं. डावा हात सुरावट वाजवत असताना उजवा हात तिच्यावर ठेका ठेवतो आणि त्याच वेळी सूरही पुरवतो. नवशिक्याचे हाल इथेच होतात.

खाच पाडायचा दुसरा मार्ग डाव्या हाताचा. समजा चालीत एकच स्वर लागोपाठ दोनदा आला. पट्टी धरून ठेवली तर दोन स्वर ऐकूच येणार नाहीत, एक लांब स्वर ऐकू येईल. म्हणून बोट क्षणभर उचलायचं. त्या क्षणात मोकळी तार बोलून जाते, आणि मोकळी तार आधारसुरांपैकीच एक असल्याने ती खुपत नाही, कणासारखी लागते. अठराव्या शतकातल्या फ्रेंच शिक्षणपुस्तकांत या उचलण्याचे आणि मुरक्यांचे नियम आहेत. मिशेल कोरेत याने १७८३ च्या सुमारास असं एक पुस्तक काढलं होतं.

इथून रचनेचा विषय सुरू होतो. हर्डी-गर्डीसाठी चाल बांधताना पहिला निर्णय असतो तो आधारसुराचा. फ्रेंच पद्धतीत सुरावटीची मोकळी तार पाश्चात्त्य ‘जी’ला लावतात. आधारतारा ‘जी’ आणि ‘डी’ला मिळवल्या तर मोकळी तार होते षड्ज. अशा वेळी चालीला षड्जाच्या खाली उतरता येत नाही, कारण खाली तारच नाही. तेच आधार ‘सी’ आणि ‘जी’ला मिळवले तर मोकळी तार बनते पंचम, आणि चाल मंद्र पंचमापासून उठू शकते. पट्ट्या त्याच, तार तीच. नुसत्या आधारतारा बदलल्या की वेगळ्या वळणाच्या चाली बसतात. युरोपीय संगीतकाराला एका स्वरपट्टीतून दुसरीत जाण्याची सवय असते. इथे तसं केलं की आधारतारा बिनदिक्कत जुनाच षड्ज धरून बसतात. हार्मनीच्या पायऱ्या चढण्यापेक्षा एका सुराभोवती किती फिरता येतं याचा विचार इथे करावा लागतो. आपल्याकडचा संगीतकार या वाद्याजवळ गेला तर त्याला हा भाग सोपा जाईल, मनगट मात्र रडवेल.

अजून एक गंमत. पट्टीवरची ती लाकडी पाती थोडी फिरवता येतात, म्हणून प्रत्येक स्वर आधारसुराशी ऐकून बारकाईने मिळवता येतो. पेटीवाल्यांना जे सुख कधी मिळालं नाही ते हे. गांधार थोडा उतरता हवा असेल तर पातं फिरवा.

या बंधनांत एका मोठ्या रचनाकाराने काय केलं याचा नमुना उपलब्ध आहे. नेपल्सचा राजा चौथा फर्डिनांड लिरा ऑर्गनिझाता वाजवायचा. हर्डी-गर्डीच्या पोटात छोटे भाते आणि बासऱ्या बसवल्या की हे वाद्य तयार होतं. एकाच दांड्याने चाकही फिरतं आणि हवाही भरली जाते. त्याने हायडनकडून १७८६-८७ मध्ये अशा दोन वाद्यांसाठी पाच कन्सर्टो लिहून घेतले. पाचही मिळून स्वरपट्ट्या तीनच: सी, जी आणि एफ. वाद्य जिथे सुखाने नांदतं तिथेच हायडन राहिला. कंजूष घरमालकिणीसारखा तो पुढे या साहित्यातलं काही वाया जाऊ देत नाही: तिसऱ्या कन्सर्टोचा मधला भाग त्याने लंडनच्या श्रोत्यांसाठी ‘मिलिटरी’ या शंभराव्या सिंफनीत वापरला. ती सिंफनी आज जगभर वाजते, मूळ वाद्य किती जणांनी पाहिलंय कोण जाणे.

राजाने हे वाद्य हाती घेतलं याचं आश्चर्य वाटायला हवं, कारण त्याआधी बराच काळ ते भिकाऱ्यांचं म्हणून ओळखलं जायचं. त्याची सुरुवात मात्र देवळातली. स्पेनमधल्या सांतियागो दे कोंपोस्तेला इथल्या कॅथीड्रलच्या प्रवेशद्वारावर मायेस्त्रो मातेओने कोरलेले चोवीस वृद्ध आहेत. दाराच्या तुळईवरचा लेख ११८८ सालचा. कमानीच्या अगदी मध्यावर दोघांच्या मांडीवर मिळून एक लांबलचक वाद्य आहे: ऑर्गनिस्ट्रम, हर्डी-गर्डीचं पूर्वरूप. एकाने दांडा फिरवायचा, दुसऱ्याने दोन्ही हातांनी पट्ट्या वर ओढायच्या. त्यावर वेगाची चाल निघणं अशक्यच, चर्चमधल्या संथ गायनालाच ते शोभायचं. पुढे वाद्य लहान झालं, एकट्याच्या मांडीवर आलं, आणि चर्चमध्ये ऑर्गन स्थिरावल्यावर रस्त्यावर गेलं. १६१९ मध्ये मिखाएल प्रेटोरियसने आपल्या वाद्यांवरच्या ग्रंथात त्याची बोळवण शेतकऱ्यांचं आणि भटक्या बायांचं वाद्य अशी केली. त्याच शतकात जॉर्ज द ला तूरने आंधळ्या हर्डी-गर्डीवाल्याचं जे चित्र काढलं, ते आज नाँत शहराच्या संग्रहालयात आहे. त्याच्या आधी हिएरोनिमस बॉशने तर आपल्या चित्रातल्या नरकातच एक भलीमोठी हर्डी-गर्डी उभी केली होती.

मग अठराव्या शतकात फ्रेंच उमरावांना खेडूत होण्याची हौस आली. मेंढपाळांची सोंगं, मेंढपाळांची गाणी, मग वाद्यंही तीच. व्हर्सायचा कारागीर आंरी बातों याने जुन्या, अडगळीत पडलेल्या गिटारी आणि ल्यूट घेतल्या आणि त्यांच्या गोलाकार पोटात चाक बसवून हस्तिदंती नक्षीची नाजूक हर्डी-गर्डी तयार केली. पंधराव्या लुईची राणी मारी लेश्चिन्स्का ती वाजवायची. बाजार तापला तसं साहित्यही निघालं. १७३७ मध्ये ‘इल पास्तोर फिदो’ नावाचा सोनाटांचा संच विवाल्डीच्या नावाने छापला गेला. मुखपृष्ठावरच्या वाद्यांत व्हिएलही होतं. प्रत्यक्षात तो संच निकोला शेदवीलने रचला होता आणि दुसऱ्या एका संगीतकाराशी गुपचूप करार करून विवाल्डीच्या नावावर खपवला होता. विवाल्डीच्या ‘चार ऋतूं’चीही त्याने अशा वाद्यांसाठी जुळणी केली. या लबाडीतही शेदवीलला वाद्याची नस सापडली होती, हे मान्य करावं लागतं. त्या सोनाटांतल्या कितीतरी जागा आधारसुरावर आरामात रेलून बसतात.

फ्रेंच राज्यक्रांतीबरोबर ही हौसही ओसरली, आणि वाद्य पुन्हा सावॉयमधून पॅरिसला भीक मागायला येणाऱ्या पोरांच्या गळ्यात गेलं. पण मध्य फ्रान्समध्ये ते तगलं. बूर्बोने प्रांतात जाँझा नावाच्या गावी पाजो घराण्याने अठराव्या शतकाच्या अखेरीपासून पिढ्यानपिढ्या हर्डी-गर्डी बनवल्या. त्या गावात आज त्यांच्या कामाचं संग्रहालय आहे. या भागातला नाच म्हणजे बुर्रे, कुठे दोन मात्रांचा, कुठे तीन मात्रांचा. नाचणाऱ्यांच्या लाकडी बुटांच्या गलबल्यातही ऐकू जाईल असा ठेका लागायचा, आणि तो कुत्रा पुरवायचा. बुर्रेची बांधणी लहान: दोन तुकडे, प्रत्येक दोनदा. एवढ्याशा जागेत रचनाकाराला काही करून दाखवायचं तर मनगटाच्या झटक्यांची मांडणी बदलायची. चाल तीच ठेवून दुसऱ्या फेरीत तिनाचे झटके सहा केले की नाच एकदम पेटतो.

युक्रेनच्या लिर्निकांचं सगळंच वेगळं. तिथल्या लिरेला बहुतेक करून तीन तारा, आणि भुंकणारी घोडी नाही. वाजवणारे अंध, गावोगाव फिरणारे. त्यांचे संघ होते, आपसातली गुप्त बोली होती, आणि गुरूजवळ राहून शिकल्याशिवाय, संघाने मान्यता दिल्याशिवाय स्वतंत्रपणे फिरायची परवानगी नव्हती. ते भक्तिपर आणि उपदेशपर पदं म्हणायचे. त्यांच्या वाद्यात झटक्याने खाच पाडायची सोय नाही, पण गरजही नाही: शब्दच सुराला तोडतात. अखंड आधारसुरावर ओळ म्हणायची, ओळींच्या मध्ये लिरेने चाल पुढे न्यायची. १९३० च्या दशकात सोव्हिएत राजवटीत ही परंपरा जवळपास चिरडली गेली. हंगेरीच्या मैदानी भागात टेकेरो क्लॅरिनेटच्या जोडीने वाजायचं. तिथे वाद्य बनवणारा आणि वाजवणारा मिहाय बार्शोनी (१९१५–१९८९) नसता तर पुनरुज्जीवनवाल्या तरुणांना शिकवायला कुणी उरलं नसतं असं म्हणतात, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नाही. गॅलिसियात हेच काम फाउस्तिनो सांतालिसेसने केलं.

चाक काढून परत गज आणला आणि पट्ट्या मात्र ठेवल्या, की स्वीडनचा निकेलहार्पा होतो. त्यात वादकाला दाबाचं स्वातंत्र्य परत मिळतं. ऑगस्ट बोलीनने १९२९ मध्ये त्याला सगळे बारा स्वर देणारी पट्ट्यांची रचना केली आणि एरिक साल्स्ट्रमने ती लोकप्रिय केली. पट्टीने तार दाबायची कल्पना आपल्याही घरची आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ‘बेंजो पार्टी’ जे वाजवते तो अमेरिकन बँजो नव्हे. ते बुलबुलतरंगाचं विजेवर चालणारं रूप, आणि बुलबुलतरंग आला जपानच्या ताइशोगोतोवरून, जो १९१२ च्या सुमारास नागोयात तयार झाला. टाइपरायटरसारखी कळ दाबली की तार पडद्यावर टेकते, दुसऱ्या हाताने ती छेडायची. छेडलेला सूर विझत जातो, म्हणून बेंजोवाल्याला तो पुनःपुन्हा झपाट्याने छेडून जिवंत ठेवावा लागतो. हर्डी-गर्डीवाल्याची अडचण नेमकी उलटी.

वाद्य हातात न घेताही ते उमगलेला माणूस म्हणजे शूबर्ट. १८२७ च्या ‘विंटररायजं’ या चोवीस गाण्यांच्या मालेत शेवटचं गाणं गोठलेल्या गावाबाहेर उभ्या असलेल्या म्हाताऱ्या हर्डी-गर्डीवाल्याचं आहे. साथीला फक्त पियानो, पण त्याचा डावा हात गाणंभर उघडा षड्ज-पंचम धरून बसतो. उजव्या हाताची चाल जरा पुढे जाते, अडते, पुन्हा तिथेच येते. गायक आणि पियानो बहुतेक वेळ आळीपाळीने बोलतात. ऑस्ट्रियाच्या मातियास लोइब्नरने नाताशा मिर्कोविच या गायिकेबरोबर ही सबंध मालाच पियानोऐवजी हर्डी-गर्डीवर केली आहे. पियानोच्या इतक्या स्वरपट्ट्या चाकावर कशा बसवल्या याचं कुतूहल असणाऱ्याने ते जरूर ऐकावं.

याच्या उलट, डोनोव्हनच्या १९६८ च्या ‘हर्डी गर्डी मॅन’ या गाण्यात हर्डी-गर्डीच नाही. ते सुचलं हृषीकेशात, बीटल्स महर्षी महेश योगींकडे गेले होते तेव्हा, आणि ध्वनिमुद्रणात मागे घुमतो तो तंबोरा. अदलाबदल चुकीची म्हणता येत नाही. रॉकमध्ये खरं वाद्य ऐकायचं असेल तर पेज आणि प्लांट यांच्या १९९४ च्या ‘नो क्वार्टर’मध्ये नायजेल ईटन सापडेल. आणि या वाद्याने परंपरेपासून किती दूर जाता येतं हे व्हालँताँ क्लास्त्रिए दाखवतो: तो आधारतारा बंद करतो, कुत्र्याला एकट्यालाच बोलू देतो, चाक मध्येच थांबवतो आणि थांबण्यालाच रचनेचा भाग करतो.

पहिल्यांदा ऐकणाऱ्याने मात्र बुर्रेपासूनच सुरुवात करावी. पात्रिक बुफारचं कुठलंही ध्वनिमुद्रण चालेल. चालीकडे लगेच लक्ष देऊ नका. खाली चाललेली खरखर शोधा आणि चाकाच्या एका फेऱ्यात किती झटके पडतात ते मोजा. चारापर्यंत सहज मोजता येतात. सहावर गेल्यावर बहुतेक जण मोजणं सोडून पायाने ठेका धरतात.